आमदार साहेब, कायद्याचा पण हयातीचा दाखला मागा
(विदर्भातल्या 62 आमदारांना खुलं पत्र)

सर्व आमदार साहेबांना आणि आमदार ताईंना रामराम,

सकाळी साडेनऊपासून सर्व्हर डाऊन आहे. बाहेर बाकड्यावर सात-आठ लोकं बसून आहेत, कोणी घरी जायला तयार नाही कारण मजुरी पाडून आलेत, आणि मी आत बसून काय करू, म्हणून म्हटलं बरेच दिवस डोक्यात घोळणारं पत्र तरी लिहून टाकू. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेतू चालवतो, सोबत घरची साडेचार एकर कोरडवाहू. कायद्याचं शिक्षण नाही. पण पंधरा वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय त्यामुळे सरकार कागदावर कसं दिसतं ते मला वकिलापेक्षा जास्त माहीत आहे असा माझा आपला समज आहे.

सुरुवात एका आजीपासून करतो. श्रावणबाळचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी पेन्शनचे पैसे चालू राहावे म्हणून दर वर्षी तिला दाखवावं लागतं की ती जिवंत आहे. ती येते, खुर्चीवर बसते, मी मशीन पुढे करतो आणि अंगठा येत नाही. येणार कसा, आयुष्यभर निंदण आणि कापूस वेचणी, बोंडाची टोकं टोचून टोचून बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत. मग मी खोबरेल लावतो, पदराला पुसायला लावतो, डावा अंगठा, उजवा, मधलं बोट, एकेक करून सगळं. मागच्या वेळी पाचव्यांदा लाल लाइट लागला तेव्हा ती मला म्हणाली, "काहून रे बापू, मी जित्ती हाय नं, तुह्या पुढ्यात बसून हाय, अजून काय दाखवू?" मी हसलो, काय बोलणार. सोबत उत्पन्नाचा दाखला पण लागतो, वर्षाला 21,000 च्या आतला. आता 21,000 म्हणजे दिवसाचे अठ्ठावन रुपये झाले, एवढ्यात घर चालवणारं कुटुंब आमच्या तालुक्यात शोधून दाखवा, पण दाखला तेवढ्याचाच निघतो, देणाऱ्याला पण माहीत घेणाऱ्याला पण माहीत, आणि हा आकडा इतकी वर्षं कसा टिकून आहे हे मात्र कोणी विचारत नाही. आकड्याला हयातीचा दाखला लागत नाही ना.

आमच्याकडं सगळंच रिन्यू करावं लागतं. पीएम किसानची ई-केवायसी, रेशनची केवायसी, हंगाम आला की ई-पीक पाहणी (बांधावर उभं राहून फोटो काढा, तोपर्यंत नेटवर्क जातं), आणि मार्च आला की सोसायटीचं नवं-जुनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पण तुम्हा बहुतेकांना माहीतच असेल, 31 मार्चच्या आत पीककर्ज भरायचं आणि परत उचलायचं, भरायला पैसे नसले तर कोणाकडून तरी दोन-चार दिवसांसाठी शेकड्यानं आणायचे, भरायचे, उचलायचे, त्याचे त्याला द्यायचे. घरात एक रुपया येत नाही, पण कागदावर आपण नियमित कर्जदार. हे नवं-जुनं लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

तर माझा मुद्दा असा की माणसाला, सातबाऱ्याला, कर्जाला, पिकाला, सगळ्याला दर वर्षी हजेरी लावायची आहे, मग कायद्यालाच का नाही? एकदा पास झाला की तो पिढ्यानपिढ्या बसलेला, कोणी विचारत नाही बाबा तू ज्या कामासाठी आला होता ते झालं का.

आता माझ्याच घरचं सांगतो. हे सेतू केंद्र ज्या खोलीत आहे ती खोली रोडला लागून तीन गुंठ्यांवर आहे. 2011 मध्ये मी ती जागा विकत घेतली, पूर्ण पैसे दिले, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, नोटरी केली. रजिस्ट्री झाली नाही कारण तुकडेबंदी. त्यामुळे सातबारा अजून मूळ मालकाच्याच नावावर, म्हणजे दिवसभर अख्ख्या गावाला सातबारे काढून देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दुकानाचा सातबारा दुसऱ्याचा! मूळ मालक भला माणूस होता, तो वारला, आता त्याची तीन पोरं आहेत आणि मधला माझ्याकडं येऊन "काका, काही बघा ना" असं म्हणून जातो. त्याला काय पाहिजे ते मला कळतं. या जागेवर बँकेचं कर्ज मिळत नाही, विकायची तर अर्ध्या भावात, आणि बायकोला रोज धाकधूक.

हा तुकडेबंदीचा कायदा 1947 चा, मुंबई प्रांताचा. तेव्हा विदर्भ तर मुंबईत नव्हताच, आपण सीपी अँड बेरारमध्ये (मध्य प्रांत-वऱ्हाड) होतो, 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1959 ला कायदा आपल्याकडं आला. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. शेताचे बारके तुकडे पडले तर शेती परवडत नाही म्हणून ठराविक क्षेत्राच्या खाली विकायचं नाही. पण तुकडे थांबले का? माझ्या आजोबांकडं बावीस एकर, बाबांकडं नऊ, माझ्याकडं साडेचार, आणि मला दोन पोरं आहेत. कायद्याने विक्री अडली, वाटण्या अडल्या नाहीत, मग लोकांनी नोटऱ्या केल्या, साठेखतं केली, सामाईक नावं लावली. 2023 मध्ये सरकारने बहुतेक जिल्ह्यांसाठी किमान क्षेत्र जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे केलं, आणि 2025 मध्ये तर अध्यादेश काढून 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले वस्तीच्या भागातले तुकड्यांचे व्यवहार नियमित करायचं ठरवलं. चांगलं झालं, माझं पण कदाचित होईल, कागदं जमवतोय. पण तारखा बघा साहेब, जवळजवळ 59 वर्षं. म्हणजे सरकारच मान्य करतंय की एवढी वर्षं लोकं हा कायदा बाजूला ठेवून जगत होती. मग 1985 ला, 2005 ला कोणी सभागृहात उभं राहून हे विचारायला बांधील असतं तर? बांधील हा शब्द महत्त्वाचा आहे. विचारू शकत तर तुम्ही कधीपण होता.

दुसरं उदाहरण गडचिरोली, चंद्रपूरवाल्या आमदारांना पाठ असेल. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू म्हणजे झाड अशी व्याख्या होती. बांबू गवत आहे हे कुठल्याही बुरुडाला विचारा. पण कायद्यात झाड, म्हणून स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तर वाहतूक परवाना, तो नसला तर नाक्यावर गाडी अडली. 2017 च्या नोव्हेंबरात अध्यादेश आला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. एक शब्द काढायला 90 वर्षं लागली. बरं तो शब्द काढायला कोणाचा फार विरोध होता असंही नाही, फक्त कोणाला गरज पडली नाही. ज्याला गरज होती तो सूप-टोपल्या विणत बसला होता.

सावकारीचा कायदा 1946 चा होता, तो बदलून नवीन यायला 2014 उजाडलं, मधल्या काळात आपल्याकडं काय काय होऊन गेलं ते मी लिहीत नाही, तुम्ही सांत्वनाला गेलेले आहात. दारूबंदीचा 1949 चा कायदा तर अजून म्हणतो की प्यायची तर परमिट पाहिजे. अख्ख्या तालुक्यात कोणाकडं परमिट असेल तर त्याचा जाहीर सत्कार करू, नारळ माझ्याकडून.

आता तुम्ही म्हणाल जुने कायदे काढणं चालूच आहे. खरं आहे, केंद्राने 2014 नंतर दीड हजाराच्या वर जुने कायदे रद्द केले. पण त्यातले बरेचसे आधीच मेलेले होते, त्यांना काढल्याने कोणाचं काही बिघडलं नाही आणि सुधारलं पण नाही. अडचण मेलेल्यांची नाही, जित्त्यांची आहे.

म्हणून अनेक जण एक उपाय सांगतात, कायद्याला जन्मतःच मुदत टाका, पंधरा-वीस वर्षं, सभागृहाने परत मंजूर केला नाही तर आपोआप संपला. ही काही नवीन कल्पना नाही. अमेरिकेतल्या थॉमस जेफरसनने 1789 मध्ये पत्रात लिहिलं होतं की प्रत्येक कायदा 19 वर्षांनी आपसूक संपावा, कारण मेलेल्या पिढीने जित्त्या पिढीवर राज्य का करावं. टेक्सासमध्ये 1977 पासून सरकारी खात्यांना अशी तारीख असते, साधारण 12 वर्षांनी प्रत्येक खात्याची तपासणी होते, टिकायचं कारण दाखवा नाहीतर बंद.

मला ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा लई आवडली. दोन-तीन महिने मी कोणीपण केंद्रावर आला की त्याला हेच सांगायचो. मग एक दिवस गावातले एक रिटायर्ड गुरुजी आले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अन् आपल्या वैधानिक मंडळाचं काय झालं रे?"

तिथं माझी बोलती बंद झाली.

तुम्हाला सांगायची गरज नाही पण पत्र खुलं आहे म्हणून लिहितो. अनुशेषाची, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची रड जुनी, दांडेकर समितीने 1984 मध्ये तो मोजून दिला, मग 1994 मध्ये संविधानाच्या कलम 371(2) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची वैधानिक विकास मंडळं आली. त्यांना मुदत होती. दर वेळी वाढवून मिळायची. 30 एप्रिल 2020 ला मुदत संपली, तेव्हा लॉकडाऊन, लोकं घरात, आणि मुदतवाढ मिळालीच नाही. मंडळ कोणी रद्द केलं नाही, कोणी विरोधात मतदान केलं नाही, कोणाला वाईट म्हणायची सोय नाही, फक्त तारीख आली आणि गेली. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने परत स्थापन करायचा निर्णय घेऊन केंद्राकडं पाठवला, ती फाइल कुठवर आली ते तुम्हीच सांगा. मंडळाने फार दिवे लावले असं माझं म्हणणं नाही, पण अनुशेष मोजायची एक जागा होती, ती पण गेली.

म्हणजे आपोआप संपणारा कायदा काय चीज असते ते पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त कळायला पाहिजे. जे संपायला पाहिजे होतं ते 1947 पासून चालू आणि जे टिकायला पाहिजे होतं ते एका रात्रीत गपचूप संपलं.

तेव्हापासून मी उलटा विचार करायला लागलो. समजा उद्या सगळ्याच कायद्यांना वीस वर्षांची मुदत लागली. 2006 च्या वनहक्क कायद्याचं काय होईल? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, 2011 मध्ये त्यांनी स्वतःच्या हक्काने बांबू विकला, ते वीस वर्षांच्या हिशोबाने 2026 ला परत सभागृहाच्या दारात उभे. आणि तिथं त्यांच्या बाजूने बोलणारे किती आणि खाणवाल्यांच्या बाजूने किती? आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या 1996 च्या पेसाचं काय? रोजगार हमीचा कायदा आपल्या राज्याने 1977 मध्ये केला, दर वीस वर्षांनी तो परत पास करून घ्यायला मजुरांनी मुंबईला कोणाला पाठवायचं? ज्याच्याकडं माणसं आहेत, वकील आहेत, तो आपला कायदा बरोबर रिन्यू करून आणेल. ज्याच्याकडं नाहीत त्याचा अंगठा येणार नाही, आजीसारखा.

आणि दुसरी भीती नवं-जुनंची. दहशतवादाविरुद्धचा टाडा कायदा आठवतो का, 1985 मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून आला होता, मग 1987 मध्ये परत, मग दोन-दोन वर्षांच्या मुदतवाढी, शेवटी ओरड झाली तेव्हा मे 1995 मध्ये संपला. संपला तरी आधीचे खटले चालूच राहिले, मुंबई स्फोटांच्या खटल्याचे निकाल 2006-07 मध्ये टाडाखालीच लागले, म्हणजे कायदा मेला आणि त्याची केस अकरा-बारा वर्षं जगली. अत्यावश्यक सेवेतल्या संपांना बंदी घालणाऱ्या मेस्माला पण मुदत असते. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनचा संप सुरू झाला तेव्हा त्याची मुदत संपलेली होती, मग काय, विधेयक आलं आणि चर्चा न होता पास! हे म्हणजे आमच्या सोसायटीसारखं झालं, भरले, उचलले, सही. बाबा कापूस एकाधिकार खरेदीचं (कापूस फक्त सरकारलाच विकायचा) असंच सांगत, 1972 ला सुरू झाली, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत चालली, 2002 ला व्यापाऱ्यांना परत मुभा मिळाली, तोपर्यंत चुकारे थकले की लोकं रात्रीच्या बैलगाडीने कापूस आदिलाबादकडं काढत. मुदत वाढवताना बाबांना कोणी विचारलं नाही की तुम्हाला परवडतं का.

पण मुदत असली की चर्चा होऊच शकत नाही असंही नाही. लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना कलम 334 प्रमाणे 10 वर्षांची मुदत आहे, दर दहा वर्षांनी संसदेला ती वाढवावीच लागते, आता 2030 पर्यंत आहे. (व्हॉट्सॲपवर दर महिन्याला एक मेसेज फिरतो की आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं, तर बाबांनो ही मुदत फक्त या राखीव जागांची आहे, नोकरी आणि शिक्षणातल्या आरक्षणाला मुदत नव्हती, तो मेसेज माझ्या ग्रुपवर परत टाकू नका.) त्याच कलमातलं अँग्लो इंडियन नामनिर्देशन मात्र 2020 मध्ये वाढवलं नाही. बरोबर-चूक बाजूला ठेवा, पण तारीख होती म्हणून निदान एक वाढलं आणि एक थांबलं हे सगळ्यांना दिसलं, कोणीतरी तसं ठरवलं.

तर मी जे मागतोय ते सगळ्याला एकच मुदत लावा असं नाही. माझं म्हणणं, सभागृह गप्प बसलं तर कोणाचं नुकसान होणार ते आधी बघा. जो कायदा माणसाला अडवतो, परवाना मागतो, दंड करतो, आत टाकतो, तो गप्प बसल्याने संपला पाहिजे, चालू ठेवायचा तर सरकारने उठून कारण सांगावं. आणि जो कायदा माणसाला काही देतो, काम, जमीन, जंगल, माहिती, तो गप्प बसल्याने टिकला पाहिजे, आणि संपवायचा असेल तर हात वर करून मतदान करा, म्हणजे आम्हाला नावं कळतील. जमीन महसूल संहितेसारखे जे पायाचे कायदे आहेत त्यांना मध्यरात्री संपवायचा खेळ नकोच, उद्या सकाळी मी फेरफार कशाखाली काढू! काही कायदे दोन्हीकडचे असतात, अडवतात पण आणि वाचवतात पण, तुकडेबंदी स्वतः तसाच आहे, कोणी म्हणेल त्यामुळेच शेतजमिनीचे प्लॉट पडायचे थांबले, त्यावर भांडू, पण सभागृहात भांडू.

आणि हयातीचा दाखला म्हणजे मोठा अहवाल नको, तो कोणी वाचत नाही. दोन पानं, मराठीत, त्या खात्याने द्यायची. या कायद्याखाली किती परवाने मागितले, किती दिले, किती दिवसांत, किती जणांवर केस केली, त्यातल्या किती टिकल्या, दंड किती आला आणि वसुलीचा खर्च किती. कायद्यातले रुपयांचे आकडे कधी ठरवले आणि आज त्याची किंमत काय. एवढंच. तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवा, आमच्या इथं ग्रामसभेत तसंही पाणी आणि घरकुल सोडून विषय नसतो. सगळे एकदम काढू नका, नागपूरचं अधिवेशन एक-दोन आठवड्यांचं, त्यात मोर्चे, त्यात हुरडा पार्ट्या (रागावू नका), शंभर कायद्यांचा गठ्ठा आणला तर परत नवं-जुनंच होणार. एका अधिवेशनात पाच घ्या. फक्त पाच. नागपूर कराराने अधिवेशन इथं आणलंय तर विदर्भाच्या वाट्याला निदान हे एक काम तरी येऊ द्या.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर दोन गोष्टी एकाच दिवशी घ्या. मंडळाची फाइल दिल्लीतून कुठं अडली ते विचारा, आणि तुकडेबंदीचा 1947 पासूनचा हिशोब मागा. एक आपोआप संपलेलं, एक आपोआप चालू राहिलेलं. दोन्ही प्रश्न तुमच्यापैकी एकाने जरी विचारले तरी मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकीन, पक्ष कोणता का असेना.

उत्तर द्यायचं असेल तर जाहीर द्या, कारण मी काही एकटा नाही, तीन गुंठेवाले प्रत्येक गावात बसलेत.

थांबतो, सर्व्हर आला वाटतं, बाहेरून आवाज देऊ राहिले. आजी पण आलेली आहे, आज चेहऱ्यावरून करून बघतो, अंगठ्याच्या भानगडीत पडत नाही.

आपला,
एक सेतू केंद्रवाला
(जागा : तीन गुंठे, सातबारा दुसऱ्याचा)